मुकादमाला नवं घर कुणी दिलं?

"कुत्रा परत मिळाला तर चांगलंच आहे," वॉकर भिंतीला टेकवत ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पण मी आलोय ते दुसऱ्याच कामासाठी."

जिना चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. भावोजींनी पाण्याचा पेला हातात दिला.

"फोन केला असतात तर आम्हीच आलो असतो," भावोजी म्हणाले. "खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं एवढं चढू नये."

"जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या," गृहस्थ म्हणाले. "आणि गरज पडली तेव्हा नेमकी लिफ्ट नसलेली इमारत माझ्या वाट्याला आली."

बाई हसल्या. खाजगी तपासाचं काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, आणि 'बाई' ही हाक तेव्हापासून त्यांना चिकटली होती. भावोजी त्यांचे धाकटे दीर. यजमान गेल्यानंतर कागदपत्रं आवरायला म्हणून ते चार दिवस आले आणि ऑफिसातच रमले. गाडी चालवणं, चहा करणं आणि प्रत्येक प्रकरणात सर्वांत आधी चुकीचा निष्कर्ष काढणं, ही कामं ते मन लावून करत.

"मुकादम माझा कुत्रा," लिफ्टमिस्त्रींनी सांगायला सुरुवात केली. "तांबूस, एक कान दुमडलेला. मी काम करत असलो की समोर बसून बघत राहायचा, हातभार काही लावायचा नाही. म्हणून मुकादम. बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ऑपरेशन ठरलं तेव्हा मुलीला म्हटलं, मी घरी येईपर्यंत याला प्राण्यांच्या निवाऱ्यात ठेव. तिनं त्यांच्या वेबसाइटवर नोंद केली. निवाऱ्याची गाडी येऊन त्याला घेऊन गेली. मी घरी आलो, आणायला फोन केला, तर म्हणाले, त्याला नवं घर दिलं. तुमच्याच मुलीनं तशी नोंद केली होती."

"आणि मुलगी काय म्हणते?"

"म्हणते, मी पाहुणा म्हणूनच नोंदवला होता." त्यांनी पेला खाली ठेवला. "ती कधीची मला तिच्याकडे राहायला बोलावतेय. तिच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. आता हे मनात आलं की जात नाही. रोज जेवण घेऊन येते. मी म्हणतो, ठेव तिथं. ती ठेवते आणि जाते. आमचं बोलणं तेवढंच उरलंय."

"तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"तिनं हे केलं की नाही, ते सांगा. केलं असेल तरी सांगा. तिच्याशी बोलायचंय मला. पण कसं बोलायचं, तेच कळत नाहीये."

*

निवाऱ्याचा व्यवस्थापक सौम्य, दमलेला माणूस होता. त्याच्या टेबलाखाली तीन पायांचं एक मांजर झोपलं होतं आणि बाहेरून भुंकणं थांबत नव्हतं.

"जागा अजिबात नाही," तो म्हणाला. "एखाद्याला घर मिळालं की आम्हाला हायसं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण या कुत्र्यासाठी आठवडाभर थांबलो. मालकाला फोन केले. फोन बंद होता."

"मालक ऑपरेशन टेबलावर होते," भावोजी जरा कडक आवाजात म्हणाले.

"ते आम्हाला कसं कळणार?" त्यानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "आमच्या दोन सेवा आहेत. 'पाहुणा' म्हणजे काही दिवस सांभाळायचं आणि परत द्यायचं. 'नवं घर' म्हणजे मालकानं कायमचं सोडलं. ही बघा नोंद. सेवा: नवं घर."

बाईंनी चष्मा लावला. "परत न्यायची तारीख भरलेली दिसतेय."

"हो, दिसतेय खरी. आम्ही सेवा कोणती तेवढं बघतो."

"नवं घर निवडलं की फॉर्म काय काय विचारतो?"

"प्राणी का सोडताय, त्याचं कारण. ते द्यावंच लागतं."

"इथे कारणाची जागा रिकामी आहे."

व्यवस्थापकानं वाकून पाहिलं. "राहून गेलं असेल. लोक नीट भरत नाहीत हो. नवी साइट आल्यापासून तर फारच. एका बाईंनी दोन मांजरं नोंदवली, दोघांचं नाव एकच. वर आमच्याशीच भांडल्या की मी तर वेगवेगळी लिहिली होती."

बाईंनी शेवटचा रकाना मोठ्यानं वाचला. "'संध्याकाळी दाराशी जाऊन बसतो. ओढून आत आणू नका. त्याला सांगा, बाबा येणार आहेत. मग येतो.'"

त्यांनी चष्मा काढला.

"ऑफिसातून नोंद बदलता येते?" बाईंनी विचारलं.

"येते. पण बदलणाऱ्याचं नाव खाली उमटतं. इथे कुणाचंच नाही."

"मुकादम ज्यांच्याकडे आहे त्यांना भेटायचंय."

"पत्ता द्यायची परवानगी नाही. त्यांना विचारून बघतो."

गाडीत बसल्यावर भावोजी म्हणाले, "यानंच केलं, वहिनी. पिंजरे भरलेत, स्वतःच कबूल करतोय."

"खोटी नोंद करणारा माणूस परत न्यायची तारीख तशीच ठेवेल, भावोजी?"

भावोजींनी यावर विचार केला. सिग्नल हिरवा झाला तरी विचार संपला नव्हता.

*

मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करत होती. चाळिशीची, बारीक, वडिलांसारखीच रुंद कपाळाची. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती एक तयार चष्मा पुसत उभी होती.

"बाबांनी तुम्हाला पाठवलं?" तिनं विचारलं. "म्हणजे आता माझ्याबद्दल परक्या माणसांना विचारायची वेळ आली."

"त्यांना तुमच्यावर विश्वास ठेवायचाय," बाई म्हणाल्या. "त्यासाठीच आलेत ते."

तिनं मान खाली घातली. "मी पाहुणा निवडलं. प्रत्येक पानावर वर 'पाहुणा' लिहिलेलं होतं. शेवटच्या पानावरसुद्धा. मी बघितलंय."

"नोंद झाल्यावर काही निरोप आला?"

"आभार मानले होते. नोंद मिळाली, मुकादमला न्यायला गाडी येईल. बाकी काही नव्हतं."

"फॉर्म एका दमात भरलात?"

"हो. म्हणजे, मध्ये एकदा उठले होते."

"कशाला?"

"तोंड धुवायला." तिनं पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"दुसरं कुठलं पान उघडलं होतं?"

"नाही." उत्तर जरा घाईनं आलं. मग ती हळूच म्हणाली, "मला कुत्र्यांची फारशी आवड नाही, हे खरंय. पण आई गेली तेव्हा बाबा कुणाशीच बोलत नव्हते. फक्त त्याच्याशी बोलायचे. ते मला माहीत आहे."

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "काहीतरी लपवतेय."

"लपवतेय," बाई म्हणाल्या. "आज तुमचं बरोबर आहे."

भावोजी इतके खूश झाले की गाडीची किल्ली खिशात असताना दुकानात शोधायला परत गेले.

*

वेबसाइट बनवणारी प्रोग्रामर छपाईच्या दुकानावरच्या एका खोलीत बसायची. तरुण, बोलण्यात स्पष्ट. तिनं त्या दिवसाच्या हालचालींची नोंद काढूनच ठेवली होती.

"बाहेरून कुणी शिरलेलं नाही," ती म्हणाली. "सगळं एकाच संगणकावरून, एकाच लॉगिनमधून. हा क्रम बघा. पाहुणा निवडलं. कुत्र्याची माहिती दिली. परत न्यायची तारीख दिली. त्यानंतर 'नवं घर' निवडलं. मग सूचना लिहिल्या आणि नोंद पक्की केली. त्यांचा विचार बदलला, दुसरं काय."

भावोजींनी बाईंकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं.

"फॉर्म चार पानांचा आहे ना?" बाईंनी विचारलं. "पहिल्या पानावरचं उत्तर चौथ्या पानापर्यंत कोण लक्षात ठेवतं?"

प्रोग्रामरला प्रश्न आवडला. "तीच तर खरी गंमत असते. साइट चालवणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, आपणहून काहीच लक्षात ठेवत नाही. दर पानाला पहिल्यांदाच भेटल्यासारखा वागतो."

"आमचे जुने हेडक्लार्क तसेच होते," भावोजी म्हणाले.

"जुन्या साइटवर प्रत्येक पान मागची उत्तरं पोटात घेऊन पुढं जायचं. पानं जड व्हायची. मी सगळं जावा या संगणकभाषेतल्या एका तयार चौकटीवर, फ्रेमवर्कवर, नव्यानं लिहिलं. आता उत्तरं सर्व्हरवर राहतात, सेशनमध्ये. सेशन म्हणजे तुम्ही लॉगिन केलंत की तुमच्यासाठी उघडलेला कप्पा. तुमचा अर्धवट अर्ज त्यात ठेवलेला असतो."

"एका माणसाला एकच कप्पा?"

"एकच. आणि मी ते खूप तपासलंय. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कितीतरी वेळा. एकदाही चुकलं नाही."

"नवं घर निवडल्यावर, कारण न देता कुणी सूचनांच्या पानावर जाऊ शकतं?"

"नाही. कारण लिहिल्याशिवाय 'पुढे'चं बटण चालतच नाही."

"पण यांनी तर कारण दिलेलंच नाही."

प्रोग्रामरनं पडद्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी आली.

"रविवारी मिस्त्रींच्या घरी याल?" बाई उठत म्हणाल्या. "लॅपटॉप घेऊन. पण एक करा, तोवर साइटला हात लावू नका."

गाडीत भावोजी म्हणाले, "मुलीनंच केलं, वहिनी. मला वाईट वाटतंय, पण ते पान तिनंच उघडलं."

"उघडलं, एवढं खरं," बाई म्हणाल्या.

*

मुकादम जिच्याकडे होता त्या स्त्रीनं भेटायला होकार दिला होता. ती नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली, उंच, खणखणीत आवाजाची. घर टापटीप होतं. मुकादम बाहेरच्या दाराशी पायपुसण्यावर बसला होता. अनोळखी माणसं आत आली तेव्हा त्यानं त्यांच्या मागे कुणी आहे का ते वाकून पाहिलं आणि पुन्हा बसला.

"रोज संध्याकाळी हेच करतो," नर्स म्हणाली. "मला मिळालेल्या कागदावर सूचना होती, बाबा येणार आहेत असं सांगा. मला वाटलं, बाबा वारले असणार. पण सांगते रोज. त्यानं ऐकलं की उठून आत येतो."

"बाबा आहेत," बाई म्हणाल्या. "घरी आलेत."

नर्स कुत्र्याजवळ बसली. तिनं त्याचा दुमडलेला कान उलगडला. तो लगेच पुन्हा दुमडला.

"मग मी खोटं बोलत नव्हते तर," ती म्हणाली. आवाज खणखणीत ठेवायचा तिनं प्रयत्न केला. "कधी आणू त्याला?"

"दोन-चार दिवस थांबा. तिकडे आधी एक काम उरकायचंय."

*

रविवारी सकाळी मिस्त्रींच्या बैठकीच्या खोलीत सहा माणसं जमली. खिडकीशी मिस्त्री, त्यांच्यापासून लांबच्या खुर्चीवर मुलगी, मध्ये व्यवस्थापक आणि प्रोग्रामर. भावोजींना बाईंनी टेबलाशी लॅपटॉपसमोर बसवलं. त्या स्वतः उभ्या राहिल्या, वर्गात राहायच्या तशा.

"मला एकच प्रश्न विचारला गेला होता," त्या म्हणाल्या. "मुलीनं कुत्रा दिला की नाही. आपण एकेकाला धरून बघू. व्यवस्थापकांनी नोंद बदलली असती, तर खाली त्यांचं नाव उमटलं असतं. ते नाही. शिवाय बदलणाऱ्यानं काहीतरी कारण लिहिलं असतं आणि परत न्यायची तारीख काढून टाकली असती."

व्यवस्थापकानं सुस्कारा सोडला.

"बाहेरचं कुणी शिरलं नाही, हे प्रोग्रामरनं दाखवलं. उरली मुलगी. पण तिला मुकादमला कायमचं सोडायचं असतं, तर कारण लिहावंच लागलं असतं. त्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही. आणि कायमच्या सोडलेल्या कुत्र्याला परत न्यायची तारीख कुणी विचारत नाही. म्हणजे या नोंदीत जे आहे ते पाहुण्याच्या फॉर्ममधून येऊ शकत नाही आणि नव्या घराच्या फॉर्ममधूनही नाही. असा अर्ज एका माणसाला एका बैठकीत, सरळ पानामागून पान भरताच येत नाही."

"पण तो आहे," मिस्त्री म्हणाले.

"आहे. कारण तो एक अर्ज नाही. दोन आहेत, एकमेकांत शिरलेले. व्यवस्थापकसाहेबांनी मला दोन मांजरांची गोष्ट सांगितली. बाईंनी नावं वेगळी लिहिली होती, नोंद झाली एकाच नावानं. त्या बाई खोटं का बोलतील? नवी साइट आल्यापासूनच हे असं होतंय. भावोजी, एक मांजर पाहुणा म्हणून नोंदवा."

भावोजींनी दोन बोटांनी टाइप करायला घेतलं. मांजराला त्यांनी 'हेडक्लार्क' नाव दिलं, परत न्यायची तारीख घातली. शेवटचं, सूचनांचं पान आलं. वर 'पाहुणा' असं ठळक दिसत होतं.

"थांबा." बाईंनी पुढं वाकून शेजारी त्याच साइटचं दुसरं पान, म्हणजे दुसरी टॅब, उघडली. त्यात 'नवं घर' निवडून 'पुढे' दाबलं. प्राणी का सोडताय, असा प्रश्न आला. त्यांनी काहीही न लिहिता ती टॅब बंद केली. "आता तुमचं पूर्ण करा."

पडद्यावर अजूनही 'पाहुणा' होतं. भावोजींनी 'दूध कोमट द्यावे' असं लिहून नोंद पक्की केली. आभाराचा निरोप आला.

"आता नोंद काढा," बाई प्रोग्रामरला म्हणाल्या.

तिनं काढली. सेवा: नवं घर. परत न्यायची तारीख भरलेली. कारण रिकामं.

"मी तर पाहुणा लिहिलं होतं," भावोजी म्हणाले, आणि हे आपण कुणाच्या तोंडून ऐकलंय ते त्यांच्या लक्षात आलं.

प्रोग्रामरचा चेहरा उतरला होता. "दोन्ही टॅबचं लॉगिन एकच," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे सेशन एक, कप्पा एक. दुसऱ्या टॅबनं त्याच कप्प्यातली सेवा बदलली. पहिल्या टॅबला ते कळलंच नाही, ती आपलं जुनंच पान दाखवत राहिली. मी दर वेळी एकच टॅब उघडून तपासलं. लोक दोन उघडतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." ती मिस्त्रींकडे वळली. "प्रत्येक अर्जाला सुरुवातीलाच वेगळा क्रमांक द्यायला हवा होता. मग कप्पा एक असला तरी पिशव्या वेगळ्या राहिल्या असत्या. ते राहिलं. चूक माझी आहे, काका. त्यांची नाही."

मिस्त्री मुलीकडे बघत होते. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"माझ्या प्रश्नाचं उत्तर झालं," बाई म्हणाल्या. "तिनं पाहुणाच नोंदवला. बाकीचं तपासायला मला कुणी सांगितलेलं नाही."

व्यवस्थापकानं टोपी उचलली. प्रोग्रामर लॅपटॉप मिटायला लागली.

"थांबा," मुलगी म्हणाली. "दुसरी टॅब मी का उघडली, ते कुणी विचारलं नाही."

"सांगायलाच हवं असं नाही," बाई म्हणाल्या.

"मला सांगायचंय." तिनं हात मांडीवर घट्ट धरले होते. "बाबा, मी तारखेपर्यंत आले आणि वाटलं, तुम्ही घरी याल, हे जिने, हा कुत्रा, एकटे असताना पडलात तर कोण उचलणार. तो नसेल तर तुम्ही माझ्याकडे याल. म्हणून मी ते दुसरं उघडलं. पुढे दाबलं. त्यांनी विचारलं, प्राणी का सोडताय. मला काही लिहिता येईना. मी बंद केलं. उठून तोंड धुतलं आणि मग आधीच्या टॅबवर येऊन त्याच्याबद्दल लिहिलं, दाराशी बसतो ते. निवाऱ्यातून जेव्हा सांगितलं की मीच त्याला दिलं, तेव्हा मला वाटलं, माझाच हात कुठंतरी चुकून पडला असणार. मनात होतं, म्हणून पडला असणार. म्हणून मी नीट भांडलेसुद्धा नाही."

मिस्त्रींनी खुर्चीच्या हातावर जोर दिला आणि उठायचा प्रयत्न केला. भावोजी पुढं झाले, पण बाईंनी त्यांची बाही धरली. मुलगी उठून वडिलांपाशी गेली आणि तिनं त्यांच्या काखेत हात घातला.

"ती टॅब का काय ती," मिस्त्री म्हणाले, "बंद कुणी केली?"

"मीच."

"कुणी सांगितलं म्हणून?"

"नाही."

"मग झालं." त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला, वॉकरचा नाही. "मी हॉस्पिटलमध्ये पडल्यापडल्या काय काय विचार केले ते तुला सांगत बसलो, तर संध्याकाळ होईल. जेवण आणलंयस ना? आज इथेच जेव."

*

पुढच्या दोन दिवसांत प्रोग्रामरनं साइट बंद ठेवून दुरुस्त केली. मग नव्या साइटवरच्या सगळ्या नोंदी तिनं काढल्या आणि जिथं जिथं दोन अर्ज एकमेकांत शिरलेले दिसले, त्या प्रत्येक माणसाला स्वतः फोन केला. मांजरांच्या बाईंचीही तिनं माफी मागितली. त्या पुष्कळ बोलल्या आणि शेवटी तिलाच एक मांजर हवं का म्हणून विचारू लागल्या.

मंगळवारी नर्स मुकादमला घेऊन आली. तो जिन्याच्या वळणापर्यंत सावकाश आला. तिथं थबकला, नाक वर केलं आणि तिच्या हातातून पट्टा सुटला.

मिस्त्रींना खाली वाकता येत नव्हतं. कुत्रा त्यांच्या पायांभोवती गिरक्या घेत होता, आणि ते नुसतेच हवेत हात धरून बसले होते. मुलीनं क्षणभर पाहिलं. मग ती जमिनीवर गुडघे टेकून बसली, दोन्ही हातांनी त्या जड, थरथरत्या प्राण्याला मिठीत घेऊन उचललं आणि त्याचे पुढचे पाय वडिलांच्या मांडीवर ठेवले. तिच्या साडीभर केस झाले. तिनं ते झटकले नाहीत.

नर्स दारातच उभी होती. "येते मी," ती म्हणाली.

"आत या की," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा मुकादमच्या मानेत होता. "चहा होतोय."

चहा घेताना कळलं की नर्स पहाटे उठून टेकडीपर्यंत फिरायला जाते, आणि गेले काही दिवस मुकादमही जायचा सोबत.

"मला अजून महिनाभर रोज जिना चढउतार करायची परवानगी नाही," मिस्त्री म्हणाले. "त्याला मात्र फिरायला हवं."

"मला कामावर लवकर जावं लागतं," मुलगी म्हणाली आणि तिनं नर्सकडे बघितलं.

नर्सनं कप खाली ठेवला. "मी सहाला निघते. तुमचं घर माझ्या वाटेवर नाही," ती म्हणाली, "पण वाट बदलता येते."

ती निघाली तेव्हा मुकादम मिस्त्रींच्या पायाशी झोपला होता. त्याला न उठवता तिनं पट्टा गुंडाळला, दाराजवळच्या खुंटीला अडकवला आणि जिना उतरून गेली.